दोन सायकलींची साखळी

सीट दांड्यासकट गेली होती. फ्रेमच्या उघड्या नळीत कुणीतरी विडीचे थोटूक टाकून ठेवले होते. काचवाल्याने ते बोटाने काढायचा प्रयत्न केला, तर ते आणखी आत सरकले.

"पाना घेऊन आलेला असणार," गल्लीच्या तोंडाशी बसणारा किल्लीवाला जागेवरूनच म्हणाला. "नुसत्या हातानं नाही निघत ती."

"साखळीला हात लावलेला नाही."

"साखळीला कोण लावतो? मी दिलेली साखळी आहे ती." एवढे बोलून किल्लीवाल्याला आपण भलत्या वेळी बढाई मारली असे वाटले असावे. तो उठून जवळ आला. "तुमची का कंपाउंडरांची?"

"त्यांची."

"अजून हॉस्पिटलातच?"

"हं."

"मग घरी पोचवून टाका की. उभी गाडी दिसली की हात शिवशिवतात लोकांचे. आज सीट नेली, उद्या पेडल नेतील, मग चाक. तुम्ही काय सांगाड्याला कुलूप लावून बसणार?"

"घरी नेऊ नका म्हणालेत."

किल्लीवाल्याने खांदे उडवले आणि तो आपल्या पेटीकडे गेला.

काचवाला चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काम करायचा. गिऱ्हाइकाच्या नंबराची गोल काच फिरत्या दगडावर धरायची, वरून पाण्याची धार सोडायची आणि फ्रेमच्या खाचेत बसेल अशी तिची कड घासायची. गिऱ्हाइके त्याला दिसत नसत आणि तो गिऱ्हाइकांना. त्याच रस्त्यावर समोर डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे कंपाउंडर. दोघांच्याही सायकली एकाच पावसाळ्यात, मागच्या गल्लीतल्या गोदामाच्या पायऱ्यांपासून चोरीला गेल्या होत्या. पुढे दोघांनी जुन्या सायकली मिळवल्या आणि कुलूप घ्यायला दोघेही एकाच वेळी किल्लीवाल्यापुढे येऊन उभे राहिले. त्याआधी त्यांची ओळख नव्हती.

"एकेकटी बांधली तर दोघं येतात, उचलतात, टेम्पोत घालतात, घरी जाऊन निवांत कुलूप तोडतात," किल्लीवाला तेव्हा म्हणाला होता. "दोन एकत्र बांधा, पायरीच्या कठड्याला. उचलायला चौघं लागतील. चौघांत वाटणी परवडत नाही."

त्याने लांब साखळी दिली. ती कठड्यातून, एका सायकलच्या फ्रेममधून आणि दोन्ही चाकांतून, मग दुसरीच्या फ्रेममधून आणि चाकांतून फिरून परत येई. साखळीच्या एका टोकाला काचवाल्याचे कुलूप, दुसऱ्या टोकाला कंपाउंडरचे आणि दोन्ही कुलुपे एकमेकांच्या कडीत अडकवलेली. ज्याला आधी जायचे त्याने आपले कुलूप उघडायचे, सायकल काढायची आणि पुन्हा तसेच दुसऱ्याच्या कडीत अडकवून लावायचे.

पहिल्याच आठवड्यात काचवाल्याने घोळ घातला. घाईत त्याने साखळीची दोन टोके सरळ आपल्याच कुलपात घेतली. कंपाउंडरचे कुलूप एका कडीला नुसते लोंबकळत राहिले. कंपाउंडर पायी घरी गेला, दुसऱ्या दिवशी पायी आला आणि आपल्या सायकलच्या सीटवर हात ठेवून काचवाल्याची वाट पाहत उभा राहिला.

"कुलूप फार चांगलं आहे हो तुमचं," तो म्हणाला. "मालकालासुद्धा उघडत नाही."

काचवाल्याने घाईघाईने आपले कुलूप उघडले.

"असं करू," कंपाउंडर म्हणाला. "आपलं कुलूप माणूस हलक्या हातानं ओढतो. लागलंच आहे असं धरून चालतो. यापुढे तुमचं मी ओढून बघणार, माझं तुम्ही."

तेव्हापासून रोज सकाळी ते एकमेकांची कुलुपे ओढून पाहत. "पाहिलं?" एकजण विचारी. "पाहिलं," दुसरा म्हणे, आणि दोघे आपापल्या कामाला जात. संध्याकाळी जो आधी सुटे तो बहुतेक वेळा पायरीवर बसून दुसऱ्याची वाट बघे. तसे बसायची काही गरज नव्हती. दोन किल्ल्या त्यासाठीच तर होत्या. बोलणे सायकलीपुरतेच असे. कंपाउंडर सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवायचा, घंटीचा वरचा वाटोळा भाग रोज काढून खिशात टाकायचा. "रोग्यांनी विचारलं, खिशात काय वाजतंय, तर सांगतो, हृदय," तो म्हणायचा. काचवाल्यानेही आपला घरचा बंदोबस्त सांगून टाकला होता. जिन्याखाली बांधलेल्या सायकलीपासून खिडकीतून आत दोरी आणलेली, तिच्या टोकाला खड्यांचा डबा. सायकल हलली की डबा वाजणार.

"आणि वाजला की?"

"अजून चोर आला नाही. मांजर येतं. बायको म्हणते, तुमच्या सायकलीपायी मी चोराची वाट बघायला लागले आहे. एकदाचा नेईल आणि झोप देईल."

कंपाउंडर इतका हसला की त्याला खोकला आला. त्या खोकल्याकडे तेव्हा कुणी लक्ष दिले नाही.

एके दिवशी कंपाउंडर औषधाची बाटली हातात धरूनच दवाखान्यात खाली बसला. डॉक्टरांनी आपल्या गाडीतून त्याला मोठ्या हॉस्पिटलात नेले. छातीत पाणी झाले होते. संध्याकाळी काचवाला पायरीवर बसून राहिला. मग दवाखान्यात जाऊन विचारून आला. मग हॉस्पिटलात गेला. कंपाउंडरच्या नाकात नळी होती. त्याने खूण करून काचवाल्याला खाली वाकायला सांगितले.

"सायकल तिथंच असू दे."

"घरी पोचवतो की मी. पत्ता सांगा."

"नको. घरात तिला सांगितलंय, दोन-चार दिवसांत उठतो, दवाखान्यात जातो आणि सायकलीवरून घरी येतो. सायकल माझ्याआधी घरी गेली तर ती काय समजेल?" तो दम खायला थांबला. "सांभाळाल ना?"

"हे काय विचारणं झालं?"

"पाहिलं?"

"पाहिलं," काचवाला म्हणाला.

पण एका जागी उभ्या राहिलेल्या सायकलीचा चेहरा बदलतो, हे काचवाल्याला ठाऊक होते. हँडलवर धूळ बसते, टायर खाली बसतात, आऱ्यांमध्ये कोळी जाळे विणतो. चोर कुलूप नंतर बघतो, आधी हे बघतो. म्हणून रोज सकाळी तो कंपाउंडरची सायकल पुसायचा, पंपाने हवा भरायचा, तिचे तोंड कधी गल्लीकडे तर कधी गोदामाकडे करायचा. सीटवरची पिशवी बदलायचा. पाऊस पडून गेला असेल तर चाकाला थोडा ताजा चिखलही लावायचा. कंपाउंडर रोज येतो, रोज जातो, असे सायकल बघून वाटले पाहिजे. संध्याकाळी काचवाला आपली सायकल काढायचा, तेव्हा उरलेली साखळी कंपाउंडरच्या सायकलीला दोन वेढ्यांत बसवायचा. तरी सीट गेली.

बिनसीटची सायकल म्हणजे मालक नसलेली सायकल. काचवाल्याने बोटाने तिच्या नळीचे माप घेतले. मग त्याने किल्लीवाल्याकडून पाना मागून आणला आणि स्वतःच्या सायकलीची सीट ढिली केली. दोन्ही नळ्या एकाच मापाच्या निघाल्या. सीट बसवली, पाना पूर्ण ताकदीने आवळला, वर पिशवी चढवली.

"आणि तुम्ही?" किल्लीवाल्याने विचारले.

"मला कुठं लांब जायचंय?"

संध्याकाळी तो उभ्याने पेडल मारत घरी आला. बायको दारातच होती.

"हे काय नवीन? सर्कशीत नोकरी लागली का?"

"सीट गेली."

"डबा तर वाजला नाही."

"घरी नाही गेली, बाजारात गेली. म्हणजे गेली त्यांची, मी माझी त्यांच्या सायकलीला लावली."

बायकोने हातातला टॉवेल खांद्यावर टाकला. "आणि त्यांना कळणार आहे का ते?"

"नाही."

"मग?"

काचवाला दोरी बांधत होता. गाठ नीट बसेना. "सायकल अर्धी दिसली की माणूसही गेला असं धरतात लोक," तो म्हणाला.

जेवताना बायकोने एवढेच विचारले, "आज बघायला गेला नाहीत?"

"उद्या जातो. आज उभ्यानं पाय भरून आलेत."

दुसऱ्या दिवशी तो गेला तेव्हा कंपाउंडरच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. चेहरा आहे त्याहून लहान वाटत होता. आपल्याकडे कोण आले आहे हे त्याने आवाजावरून ओळखले.

"सायकल?"

"आहे."

"सीटवर पिशवी घालता ना?"

"घालतो. रोज बदलतो."

"भारी त्रास देतोय तुम्हाला."

"तुम्ही लवकर या म्हणजे झालं. दोघांचा चिखल मला एकट्याला लावावा लागतोय."

कंपाउंडरला ते समजले नाही, पण तो हसल्यासारखा झाला. नर्स येऊन पडदा ओढायला लागली. काचवाला निघाला, तेव्हा मागून आवाज आला, "पाहिलं?"

"पाहिलं."

चार-सहा दिवसांनी एका सकाळी तो मागच्या चाकात हवा भरत होता. किल्लीवाला उठून आला आणि शेजारी उभा राहिला. काचवाल्याने पंप थांबवला नाही.

"पुरे आता," किल्लीवाला म्हणाला. "फुटेल."

"थोडी कमी वाटते."

"दवाखाना बंद आहे आज. डॉक्टर त्यांच्याकडेच गेलेत. पहाटे गेले कंपाउंडर."

काचवाल्याने टायर अंगठ्याने दाबून पाहिला. नीट कडक झाला होता. त्याने पंप गुंडाळून पिशवीत ठेवला, फडके काढले आणि हँडलच्या दोन्ही मुठी, चेनचे कव्हर, घंटी जिथे बसायची तो तुकडा, सगळे पुसले. मग दुकानात जाऊन मालकाला सांगून आला.

कंपाउंडरच्या घराचा पत्ता त्याला डॉक्टरांच्या माणसाने दिला. त्या दिवशी तो मोकळ्या हाताने गेला आणि लोकांमध्ये मागे उभा राहून परत आला. सायकल घेऊन तो गेला ते पुढच्या सुट्टीच्या दिवशी. सीट त्याचीच होती, हवा त्यानेच भरली होती, पण तो तिच्यावर बसला नाही. सबंध वाट हातात धरून चालत नेली.

दार कंपाउंडरच्या बायकोने उघडले. तिने आधी सायकलीकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे.

"तुम्हीच ना ते कुलूपवाले भाऊजी?"

या घरात आपल्याला काही नाव आहे हे त्याला तेव्हा कळले.

"हो वहिनी. ठेवू कुठं?"

आत शिरल्यावर बोळ होता. भिंतीवर हँडल घासून घासून पडलेला काळा ओरखडा होता आणि खाली भिंतीत पक्की बसवलेली लोखंडी कडी. कडीला साखळी, साखळीला कुलूप. घरातसुद्धा. काचवाल्याने सायकल त्या ओरखड्याला लावून उभी केली. हँडल बरोबर तिथेच टेकले.

ती हात सीटवरून फिरवत होती. "ही ह्यांची नाही. ह्यांची पुढं उसवलेली होती. मीच शिवून दिली होती."

"ती चोरीला गेली, वहिनी. मला सांभाळता आली नाही. ही माझी."

"आणि तुमच्या सायकलीला?"

"जुनी एक मिळाली."

"आणि ती मिळेपर्यंत?"

"उभ्यानं."

तिचा हात सीटवर थांबला. "ह्यांना माहीत होतं?"

"नाही सांगितलं."

"बरं केलंत. सगळं तिकडंच लक्ष असायचं. मला म्हणायचे, एक दिवस जरा उन्हात बसलो की जातो आणि घेऊन येतो." तिने पदराने सीट पुसली, तिथे काही नव्हते तरी. "तुमची सीट तुम्ही काढून न्या."

"घरात बिनसीटची सायकल ठेवू नये," काचवाला म्हणाला. असे काही कुठे म्हणत नाहीत; ते त्याला तिथेच सुचले.

ती आत गेली आणि रुमालात बांधलेल्या वस्तू घेऊन आली. घड्याळ, चष्मा आणि काळ्या दोऱ्यातली एक छोटी किल्ली. चष्म्याच्या काचा त्यानेच घासल्या होत्या. डावी काच अजून खाचेत घट्ट होती.

"हॉस्पिटलातून हे दिलं. चष्मा, घड्याळ कळलं. ही किल्ली मी घरातल्या सगळ्या कुलपांना लावून पाहिली, कशालाच लागत नाही. मग म्हटलं, तुमच्याकडचीच असणार."

"आमचीच," तो म्हणाला. त्याने किल्ली दोऱ्यासकट घेतली. जाण्याआधी बोळातली साखळी सायकलीच्या फ्रेममधून आणि मागच्या चाकातून ओवली, कुलूप लावले आणि ओढून पाहिले. ती दारात उभी राहून ते बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गल्लीत आला. किल्लीवाल्याने पेटी अजून पूर्ण उघडली नव्हती.

"साखळी आता लांब पडेल तुम्हाला," तो म्हणाला. "या इकडं. निम्मी कापून देतो. ते दुसरं कुलूपही काढून देतो, उगाच ओझं. पैसे नकोत."

"राहू द्या."

"एकाच सायकलीला दोन कुलुपं? आता तुमची तुम्हालाच उघडायची ना?"

"सवय झालीय हाताला."

काचवाल्याने साखळी कठड्यातून ओवली. फ्रेममधून, मागच्या चाकातून, पुढच्या चाकातून. तरी बरीच उरली. ती पुन्हा एकदा सगळीकडून फिरवली, तेव्हा कुठे टोके जवळ आली. एका टोकाला कंपाउंडरचे कुलूप, दुसऱ्या टोकाला त्याचे. एकाची कडी दुसऱ्याच्या कडीत घेऊन त्याने आपले कुलूप दाबले. मग कंपाउंडरचे कुलूप धरून दोनदा जोराने ओढले. लागलेले होते.

आपल्या कुलपाकडे त्याने हात नेला आणि मागे घेतला. मग पिशवी सीटवर चढवली आणि आपले कुलूप ओढून न पाहताच दुकानाकडे गेला.