भंगारातल्या सरळ दांड्या

बत्तीस वर्षं आण्णाप्पानं बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना लाकडी पॅटर्न घडवून दिले. त्याच्या पॅटर्नचा ठसा वाळूत उठायचा आणि त्या ठशात लोखंड ओतलं जायचं. सूतभर चूक चालायची नाही. दोन वर्षांमागं त्याचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण लाकूड तासायची पटाशी काही हातात ठरेना. बेळगुंदीच्या घरी तो हत्यारांना तेल लावायचा आणि परत ठेवून द्यायचा.

लेक प्रियदर्शनी बेळगावात कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायची. एकदा ती म्हणाली, "आप्पा, घरातच कॉम्प्युटरवर चालणारं सीएनसी मशीन बांधूया. मी आकार काढते, मशीन कोरंल. जुन्या झेरॉक्स मशीनात मोटरी, दांड्या सगळं असतंय."

"मग मी काय करू?"

"तुमची नजर लागंल की."

दर रविवारी बापलेक पिरनवाडीला शामूच्या भंगारात जाऊ लागली. ती स्क्रू खोलून मोटरी काढायची. मशीनचं कोरणारं डोकं ज्यांवरून सरकणार, त्या पोलादी दांड्या तो एकेक करून काचेच्या तुकड्यावर घरंगळवायचा. वाकडी असली की खालून उजेड दिसायचा.

शामू हसला. "आण्णा, भंगारात सरळ काय हुडकालायसा?"

"टाकलेलं समदं वाकडंच असतंय व्हय रं?"

आठव्या रविवारी चार जुळत्या दांड्या मिळाल्या. होळीच्या आधी मशीन उभं राहिलं आणि एका जुन्या ओळखीच्या फौंड्रीमालकानं पंपाच्या पंख्याचा पॅटर्न करायला दिला. मशीननं सागवान कोरलं. आण्णाप्पानं माप लावलं. कुठंच चूक नव्हती.

"बेस झालंय," तो म्हणाला आणि पिठासारखा भुसा हातानं गोळा करू लागला. पटाशीखालून सुटणारी कुरळी सालपटं त्याला आठवली. लाकडाची नस आडवी आली की आधी मनगटाला कळायचं.

"काय झालं, आप्पा?"

"काय न्हाय. पुढच्या पॅटर्नच्या कडा केसभर जास्त ठेव. मी घासतो."

"हात दुखंल. लई वेळ लागंल."

"लागू दे की."

प्रियदर्शनीनं ड्रॉइंग उघडून कडा केसभर वाढवल्या.

दुसरा पॅटर्न कोरून झाला, तसा तो घेऊन घराच्या पुढच्या सोप्यात बसला. डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरून पॉलिश पेपर फिरवू लागला. एकेकाळचं अर्ध्या तासाचं काम. जेवायला हाक आली तेव्हा जेमतेम एक कड झाली होती.

"येतो," तो म्हणाला, आणि पुढच्या कडेवर अंगठा टेकवून तसाच बसून राहिला.