शेवटच्या धुवणाची प्लेट

"हात पुढे करा," नवे साहेब म्हणाले.

मावशींनी दोन्ही हात पुढे केले. एकोणीस वर्षं त्या या प्रयोगशाळेत झाडांची मुळं धूत होत्या. स्पिरिट आणि ब्लीचनं हातांची पार सालपटं निघाली होती. साहेबांनी त्या हातांकडे चोर पकडल्यासारखं पाहिलं.

"या हातांची घाण आहे ही." त्यांनी जंतू वाढवायच्या बारा प्लेटा टेबलावर आपटल्या. टोमॅटोच्या मुळाच्या प्रत्येक तुकड्याच्या कापल्या टोकाशी दुधट साय धरली होती.

"घाण नाही साहेब, मुळाच्या आतले जंतू आहेत. झाडातच राहतात, रोगाला आत येऊ देत नाहीत. मर रोगानं अख्खा वाफा बसला आणि एकच झाड हिरवं राहिलं ना, त्याचंच मूळ हे. तुमच्या जागी होत्या त्या जुन्या बाई सांगायच्या..."

"जुन्या बाई निवृत्त झाल्या. तुम्हाला धुवायला ठेवलंय, शिकवायला नाही."

साहेबांचं उभं आयुष्य फवारणीच्या औषधांत गेलेलं. जंतू दिसला की मारायचा, एवढंच त्यांना येत होतं, आणि त्याचा तोरा मात्र केवढा. गेल्याच आठवड्यात त्यांनी माळ्याकडून तो वाफा, त्या हिरव्या झाडासकट, उपटून जाळून घेतला होता. त्या झाडाचं जे काही उरलं होतं ते या बारा प्लेटांत.

त्यांनी एक कागद पुढे सरकवला. "सही करा. तुमच्या निष्काळजीपणानं नमुने खराब झाले, असं लिहिलंय."

मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "करते सही. आधी शेवटच्या धुवणाची प्लेट बघा."

"कसली प्लेट?"

"मूळ तीनदा धुते मी. तिसऱ्या पाण्याचा थेंब वेगळ्या प्लेटमध्ये टाकते. माझं धुणं कच्चं असेल तर तिथंही हेच उगवेल. खालच्या मजल्यावर ठेवलीय, आणते."

"आणा. काय दिवे लावलेत बघू."

मावशी गुडघे धरत जिना उतरल्या आणि चढून वर आल्या. टेबल रिकामं होतं. कोपऱ्यातल्या वाफेच्या कुकरचा काटा वर सरकत होता. जंतू मारायचे ते त्यातच.

"कचरा होता, टाकला," साहेब म्हणाले.

मावशींनी हातातली प्लेट त्यांच्यासमोर ठेवली. साहेबांनी ती उजेडात धरली, फिरवली, भिंग लावून पाहिली. एक ठिपका नव्हता. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"आधी का नाही बोललात?"

"बोलले."

साहेब कुकरच्या बटणाकडे धावले.

"राहू द्या," मावशी म्हणाल्या. "आता उघडलात तर तोंड भाजेल. आत कोणी राहिलं नाही."

साहेब हळूच कागद मागे ओढू लागले. मावशींनी त्यावर हात ठेवला आणि पेन मागितलं. साहेबांना वाटलं, सही करणार.

मावशींनी ती स्वच्छ प्लेट घेतली. प्लेटवर आजवर जुन्या बाईंचं नाव पडायचं, काम कुणाचंही असो. मावशींनी झाकणावर तारीख घातली, खाली सावकाश आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि प्लेट साहेबांच्या कागदावर ठेवून त्या हात धुवायला गेल्या.