चटई उचलायची कोणी

उजाडायच्या आधीच ती माणसं येऊन बसली होती. सेउलीच्या घरासमोरच्या हिरवळीवर अकरा जण, माना खाली घालून. सगळ्यात पुढे एकजण गुडघ्यावर, आणि त्याच्या डोक्यावरून पार जमिनीपर्यंत घराण्याची तलम चटई. शेजारी सरपणाची मोळी आणि भट्टीचे दगड. म्हणजे आम्ही तुमची डुकरं, हवं तर भाजा.

इफोगा होता. खून झाला की मारणाऱ्याच्या घरचे असे येतात. मेलेल्याच्या घरचा मताई, म्हणजे घराण्याचा कर्ता, बाहेर येऊन चटई उचलतो. उचलली की माफ. नाही उचलली की बसून राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही, पाणीसुद्धा घ्यायचं नाही.

इथे कर्ता सेउली. मेलेला त्याचा पोरगा उएलेसे, वय एकोणीस. किलिकितीच्या, म्हणजे इथल्या क्रिकेटच्या मॅचमध्ये बाद की नाबाद यावरून भांडण झालं, आणि शेजारच्या गावच्या सावेआने त्याच्या डोक्यात बॅट घातली. बस, एवढंच. चार दिवस झाले. सावेआ कोठडीत होता. चटईखाली त्याचा बाप फिलेमु होता.

घराला भिंती नाहीत, नुसते खांब. त्यामुळे न बघायची सोयच नव्हती. सेउली चौथऱ्यावर मांडी घालून बसला होता आणि समोर ती चटई.

"कोयता आणू का?" धाकटा भाऊ तोए म्हणाला. "दादा, तू नुसती मान हलव."

"गप बस."

"गप बसूनच चाललंय चार दिवस."

आठ वाजता पाद्रीबाबा आले. कोकोचा कप घेतला, फुंकर मारली. "सेउली, ऊन चढतंय. उचल आता."

"उचलतो."

"तीस वर्षं रविवारच्या शाळेत पोरांना क्षमा शिकवलीस तू. हा फिलेमुसुद्धा तुझ्याच हाताखालचा ना?"

होता. सहा वर्षांचा असल्यापासून. गुडघे सोललेले, नाक वाहणारं, पण सांगितलेलं तंतोतंत करणारं पोरगं. प्रार्थनेत डोळे उघडायचे नाहीत म्हटलं, तर कानावर डास बसला तरी हा डोळे उघडायचा नाही. सेउलीचा लाडका होता तो.

"बाबा, एक विचारू?" सेउली हळू आवाजात म्हणाला. "मंगळवारी पोराला पुरलं, आणि घरी येऊन प्रार्थनेला बसलो. तर पलीकडे कोणी नाही. म्हणजे खरंच कोणी नाही. फोन कट झाल्यावर कसं कळतं, तसं."

"दुःख आहे. येईल परत."

"आणि नाही आला तर? मग ही चटई मी का उचलायची? मला कोण अडवतंय?"

पाद्रीबाबांनी कप खाली ठेवला. "अडवत तर याआधीही कोणी नव्हतं," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते वाक्य आवडलं नसावं, कारण मग त्यांनी कप पुन्हा उचलला.

सेउली उठला. चौथऱ्याच्या कडेपर्यंत गेला. आत कुठेतरी काहीतरी हलेल, दया म्हणा, लाज म्हणा, याची वाट बघितली. काहीच हललं नाही. तीस वर्षं पोरांना सांगत आला होता की देवाने प्रत्येकाच्या आत एक दिवा ठेवलाय. आता स्वतःच्या आत हात घालून चाचपलं, तर राखसुद्धा लागेना. तो परत येऊन बसला.

दहा वाजले. हिरवळ तापली. आणि एक गोष्ट सेउलीला माहीत होती, जी त्याने पाद्रीबाबांना सांगितली नाही. फिलेमुला साखरेचा आजार होता. दर महिन्याला दवाखान्याच्या बाकावर दोघं शेजारी बसायचे, आकडे सांगून एकमेकांना चिडवायचे. इन्सुलिनची सुई घेऊन, उपाशीपोटी, एवढ्या उन्हात काय होतं, हे सेउलीला पक्कं ठाऊक होतं.

अजून थोडं, तो मनात म्हणाला. पुन्हा उठला. पुन्हा बसला.

तेवढ्यात मागच्या चुलीपासून सालोता आली. त्याची बायको. चार दिवस तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. चर्चमध्ये ही बाई उपदेश सुरू झाला की पेंगते, म्हणून पाद्रीबाबा भर सभेत तिला टोमणे मारायचे. हातात फोडलेलं शहाळं होतं. कोणाकडे न बघता ती सरळ हिरवळीवर उतरली आणि चटईचं टोक वर केलं.



"ऊठ रे. पाणी पी."

फिलेमुचा चेहरा राखेसारखा झाला होता. ओठ चिकटलेले. "काकी, तुम्ही नका," तो कसाबसा म्हणाला. "मास्तरांनी उचलायला हवी. नाहीतर ते धरत नाहीत."

"अरे मरशील!"

"मास्तरांनीच शिकवलंय." आणि त्याने चटई परत डोक्यावर ओढून घेतली.

सालोता तशीच चौथऱ्यापाशी आली. शहाळं अजून हातातच. "उचल जाऊन."

"तू माफ केलंस?"

"माफबिफ काही नाही. त्याच्या पोराला मी जन्मात माफ करणार नाही. माझ्यासमोर आला तर डोळे काढीन. पण हा माणूस मरतोय तिकडे."

"तुला हे कोणी शिकवलं? चर्चमध्ये तर घोरत असतेस."

"यात शिकायचं काय असतं?" ती ओरडली. "चटई हलायची थांबत आलीय, दिसत नाही तुला?"

दिसत होतं. सकाळपासून तो तेच बघत होता. वीण वर व्हायची, खाली व्हायची. तो तिसऱ्यांदा उठला. कडेपर्यंत आला. डोळ्यासमोर उएलेसेचं फुटलेलं डोकं आलं, आणि तो तिथेच खाली बसला.

मग चटई एका बाजूला कलंडली. आवाजही नाही झाला.

तेव्हा कुठे सेउली धावला. म्हातारपणात धावता येतं तेवढा धावला. दोन्ही हातांनी चटई ओढून काढली, फिलेमुचं डोकं मांडीवर घेतलं, सालोताच्या हातातलं पाणी त्याच्या ओठांवर ओतलं. ते कडेने ओघळून गेलं.

पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. गावातल्या बायका रडायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "पण उचलली हो सेउलीने. शेवटी उचलली." आणि ते सगळीकडे पसरलं. तोए येऊन भावाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मोठं मन आहे दादा तुझं." सेउलीला वाटलं, कोणीतरी थोबाडीत मारावी. कोणी मारली नाही.

फिलेमुची बायको फोतु मागच्या रांगेतून उठली. तिने नवऱ्याचे डोळे मिटले, लुंगी नीट केली. मग सेउलीकडे बघितलं.

"तीनदा उठलात मास्तर. आम्ही मोजत होतो."

"फोतु..." तो म्हणाला, "मी उद्या येतो. तुमच्या दारात. चटई घेऊन."

"कशाला?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "माझा पोरगा कोठडीत. नवरा हा असा. येऊन बसाल, पण आमच्याकडे उचलायला उरलंय कोण?"

तिच्या माणसांनी फिलेमुला उचललं. सालोता पायांच्या बाजूने धरायला पुढे झाली. कोणी तिला अडवलं नाही.