गाडीच्या पोटातली विभूती

गुरुवारी सकाळी नऊच्या आतच मधुकररावांच्या फाटकापासून धोंडबाच्या पानठेल्यापर्यंत रांग लागायची. रांग देवळाची नव्हती. अंगणातल्या कडुनिंबाखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या अँबेसिडरची होती. गाडीच्या नाकावर झेंडूचा हार, काचेवर हळदकुंकू, आणि पुढच्या सीटवर वाघाचे पट्टे छापलेली चादर पसरून भैयाजी महाराज बसलेले.

"तुम्हाले गाडी दिसते," महाराज म्हणत, "मले तिच्या पोटातली धुनी दिसून राहिली. पेट्रोल निमित्त हाये गा. चालवणारा वेगळाच हाये."

"मग पेट्रोल काहून भरता जी?" धोंडबाने रांगेतून विचारलं.

"देवाले नैवेद्य लागते का नाही? मग?"

लोक हसले, धोंडबाही हसला. महाराजांनी डोळे मिटले, समोरच्या पत्र्यावर तळहात टेकला आणि तीनदा अलख म्हटलं. पत्र्याखालून घरघर आली आणि खाली ठेवलेल्या तांब्याच्या ताटात करडी, हलकी राख झरली. बायकांनी पदर पसरले.

मधुकररावांची सून सुहासिनी हे स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होती. मुलींच्या शाळेत ती रसायनशास्त्र शिकवायची. ती राख कुठून येते हे त्या अंगणात एकट्या तिलाच ठाऊक होतं, आणि चार गुरुवार ती गप्प होती.

मौद्याच्या रस्त्यावर सासऱ्यांची वीटभट्टी. भट्टीत धानाचं तूस जळायचं. त्याची राख इतकी हलकी, की गाडीच्या काचा लावल्या तरी हवेच्या नळीतून आत यायची, आणि सासरे खोकत घरी यायचे. म्हणून दोन वर्षांपूर्वी तिने ताराचंद मिस्त्रीकडून त्या नळीवर टिनाचा डबा आणि छोटा पंखा बसवून घेतला. डब्यात घालायला फोमचा तुकडा मलमलीत शिवून हवेची गाळणी तिने स्वतः केली. दिवाळीला आणि होळीला ती बदलायची, असं ठरलं होतं. यंदा होळीच्या सुमारास परीक्षेचे पेपर आले आणि ती विसरली. नवी गाळणी शिवून फडताळात तशीच राहिली. उन्हात जुना फोम ठिसूळ झाला, मलमल फाटली, साठलेली राख मोकळी झाली.

चैत्रात सासऱ्यांनी रामटेकहून येताना या भैयाजी महाराजांना गाडीत घेतलं. उकडलं म्हणून महाराजांनी पंख्याचं बटण दाबलं आणि त्यांच्या पायांवर राख पडली. ती कशाची, हे विचारण्याऐवजी महाराजांनी ती कपाळाला लावली.

त्या दिवशी अंगणात सगळे पाया पडले. सुहासिनीला जळलेल्या तुसाचा वास ओळखू आला होता. पण बोलायचं म्हणजे आपला विसराळूपणा चारचौघांत सांगायचा. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या. तिने वाकून नमस्कार केला. दोन सेकंदांचं काम होतं.

आज शेजारची पुष्पलता रांग सोडून पाणी मागायला आत आली. कडेवर तिची सहा वर्षांची लेक कौशल्या. पोरीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, आणि गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता.

"डॉक्टरांच्या गोळ्या?" सुहासिनीने विचारलं.

"बंद केल्या. महाराज म्हणाले, दोन वैद्य एका घरात नांदत नाहीत. सकाळ-संध्याकाळ विभूती हुंगवतो."

"हुंगवता? काहून वं?"

"काहून म्हणजे? तुम्हीच तर पाया पडल्या ना. मी तुमच्याकडेच पाहून राहिली होती. म्हटलं, सायन्सची बाई वाकली म्हणजे काही तरी असंनच."

सुहासिनीच्या हातातला पेला ओट्यावर टेकला. मग तिने फडताळातून नवी गाळणी काढली, खणातून पेचकस घेतला आणि ती अंगणात गेली.

"महाराज, जरा उतरा."

"बाई, देवाचं पोट उघडू नये. हात सडते."

"हे पोट मीच बसवून घेतलं, आतली गाळणी याच हातानं बदलते. दोन वर्षं झाली, सडला नाही."

ती वाकली आणि चार पेच काढले. झाकण निघालं तसा जुन्या फोमचा भुगा तिच्या मांडीवर सांडला. उरलेली गाळणी तिने ताटात झटकली. चार गुरुवारांत मिळून पडली नसेल इतकी विभूती एका झटक्यात पडली.

"मामाजी, ही राख ओळखता?"

मधुकररावांनी चिमूट बोटांत चोळली.

"आपल्या भट्टीची हाये," ते खाली पाहत म्हणाले.

तिने नवी गाळणी बसवली, झाकण लावलं. पत्र्याखालचं बटण सगळ्यांना दाखवलं. "महाराजांचा गुडघा इथं लागतो." तिने ते दाबलं. घरघर झाली, ताट कोरडंच राहिलं. "आता तुम्ही अलख म्हणा."

"देव रुसला," महाराज चादर गुंडाळत म्हणाले.

"रुसला नाही जी," धोंडबा म्हणाला, "गाळल्या गेला."

हसू फुटलं, पण सुहासिनी हसली नाही.

"मला हे पहिल्याच दिवशी माहीत होतं," ती म्हणाली. "तरी मी पाया पडले. गाळणी बदलायला विसरले, ते लपवायला. ही राख छातीत गेली तर दमा वाढतो, हेही माहीत होतं."

पुष्पलताने पदराने कौशल्याचं नाक पुसलं.

मधुकररावांनी हार ओढून काढला आणि गाडी सुरू केली. पुष्पलता पोरीला घेऊन मागे बसली, सुहासिनी शेजारी. दवाखान्यात डॉक्टरांनी सुई दिली, रागावले, गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. तासाभराने कौशल्याच्या छातीतली शिट्टी बारीक झाली.

फसवणारा एक असतो, फसणारे पुष्कळ. पण ज्याला कळतं आणि जो तरीही हात जोडतो, त्याच्यामुळे खोट्याला पाय फुटतात. म्हणून एवढंच मागणं आहे: नवल दिसलं की आधी झाकण उघडा. आणि आत काय आहे ते कळलं, तर त्याच दिवशी सांगा, मग त्यात आपली चूक निघाली तरी चालेल.

परतताना पुष्पलताने विचारलं, "ती गाळणी पुन्हा कधी बदलता?"

"दिवाळीला."

"मले बोलवा. मी पाहीन."

"पाहू नका," सुहासिनी म्हणाली. "पेच तुम्हीच काढा."