विसरलेली पेंढी

“बाबा, पेंढ्या अकराच आहेत,” लेक शेडमधून म्हणाली.

मी विळा पुसत होतो. “बारा बांधल्यात. नीट मोज.”

“नीटच मोजल्यात. आईच्या वाफ्यांतली नाहीये.”

मी होतो तिथेच बसलो. बाकीच्या गव्हात मिसळू नये म्हणून तेवढी एक पेंढी मी बाजूला, मोकळ्यावर उभी केली होती. वेगळी ठेवली आणि वेगळीच राहून गेली.

ही, म्हणजे माझी बायको, थंडीत गेली. त्याआधी दोन वाफे तिने स्वतः पेरले. मला हात लावू दिला नाही. “तुम्ही आपले पंप दुरुस्त करा. बी टाकता की नटबोल्ट, काही कळत नाही,” म्हणाली. त्या पेंढीचं बी राखायचं आणि दरवर्षी पेरायचं, असं मी ठरवलं होतं. तिच्या हातचा गहू डोळ्यांसमोर राहिला असता.

“मी आणते पळत जाऊन,” लेक म्हणाली आणि दोन पावलांवर थांबली. “आणता येत नाही, ना?”

आम्हा ज्यूंच्या धर्मात जमीन देवाची. कागदावर नाव आपलं असलं तरी आपण भाडेकरू, आणि भाडेकरूला अटी असतात. त्यातली एक अशी, की कापणीत शेतात पेंढी विसरली तर ती आणायला मागे फिरायचं नाही. ती परक्याची, अनाथाची, विधवेची. आणि हे पुण्य ठरवून मिळत नाही, खरोखर विसरावं लागतं. हिला ते चाळीस वर्षांत जमलं नाही. शेजारणीच्या नातवंडांना दात कधी आले तेसुद्धा हिला पाठ. दर कापणीला परतताना कुरकुरायची, “मेलं, याही वर्षी काही विसरता आलं नाही.”

मी आमच्या धर्मगुरूंना, रब्बींना, फोन करून सगळं सांगितलं.

“अभिनंदन,” ते म्हणाले.

“अभिनंदन कसलं? ती पेंढी हिची आहे.”

ते म्हणाले, “भिंतीला टेकवली होती का? किंवा एखाद्या अवजाराजवळ? तशी पेंढी विसरली असं धरत नाहीत, असंही काहींचं मत आहे. तुमच्यासाठी मी ते धरीन.”

विळा माझ्या हातातच होता. तो पेंढीजवळ ठेवला होता, एवढंच म्हणायचा अवकाश होता. लेक माझ्या तोंडाकडे बघत होती.

“नाही,” मी म्हणालो. “मोकळ्यावर होती. साफ विसरलो.”

“आणि लेक? तीही विसरली?”

“तीही.”

“मग माझा इलाज नाही हो.”

फोन ठेवला तशी लेक हसायला लागली. “आई जळफळली असती बाबा. तिने जन्मभर खटपट केली, आणि तुम्ही पहिल्याच वर्षी बाजी मारली.” मलाही हसू आलं. हिच्या माघारी पहिल्यांदाच.

संध्याकाळी एक बाई कुंपणापाशी थांबली. पुलाच्या कामावर आलेली, अनोळखी.

“काका, पेंढी राहिलीय तुमची.”

“माझी नाही ती. तुम्ही न्या.”

“अहो, मालक ओरडेल.”

“मालकानंच सांगितलंय.”

तिने इकडेतिकडे बघितलं, मग आत गेली. पेंढीची गाठ सोडली, बुडखे जमिनीवर आपटून सारखे केले आणि पुन्हा घट्ट आवळली. “कोणी बांधली होती ही? ढिली होती अगदी.”

“होता एक जण,” मी म्हणालो.

पेंढी खांद्यावर घेऊन ती रस्त्याला लागली. फाटकापाशी एक ओंबी गळून पडली. मी वाकून उचलली. चांगली भरलेली होती. एका कुंडीपुरतं बी सहज निघालं असतं.

मी झपझप चालत बाईला गाठलं आणि ओंबी पेंढीत खोचली.