अधांतरी चष्मा

सभागृह गच्च भरलं होतं. दारातले सेवक येणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर पुठ्ठ्याचा बिल्ला टाचणीने लावत होते. बिल्ल्यावर पुढे महाराजांचं हसरं तोंड, मागे खसखशीएवढ्या अक्षरांत काहीबाही छापलेलं. ते वाचण्याच्या भानगडीत कोणी पडत नव्हतं. ज्यांना ते वाचता आलं असतं, ते इथे आलेच कशाला असते?

पडदा सरकला आणि अधांतरी महाराज पुढे आले. मानेवर रुळणारे दाट केस, पांढरेशुभ्र कपडे आणि डोळ्यांसमोर काळ्या काचांचा चष्मा. डोळ्यांसमोरच म्हणायचं, कारण नाकावर तो नव्हताच. नाकापासून बोटभर पुढे हवेत उभा होता. महाराजांनी एक रेशमी दोरा नाक आणि चष्मा यांच्या फटीत वरून सोडला, खालून ओढून काढला. कुठे अडकला नाही. लोकांचे श्वास मात्र अडकले.

"नाक म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं. "नाक म्हणजे अहंकार. तुमचा चष्मा टेकतो कुठे? अहंकारावर. मग नजर शुद्ध होणार कशी, बाळांनो?"

बाळं साठी-सत्तरीची होती. त्यांनी माना डोलावल्या.

मग एका निवृत्त कारकुनाला वर बोलावलं. महाराजांनी त्याचा चष्मा मेलेला उंदीर उचलावा तसा दोन बोटांत उचलला आणि कोपऱ्यातल्या ढिगात टाकला. आपला काळा चष्मा त्याला चढवला. डोक्यावर लख्ख दिवा लागला, हातात छापील कागद आला, आणि कारकून घडाघडा वाचायला लागला. वाचता वाचता रडायलाही लागला.

"आता ही दृष्टी हळूहळू मुरेल," महाराज म्हणाले. "तोवर चष्मा नाही, औषध नाही. संशय घेतलात तर मुरलेलंही जाईल."

म्हणजे गुण आला तर महाराजांचा आणि नाही आला तर तुमचा संशय. चित भी मेरी, पट भी मेरी.

मधल्या रांगेत एक बाई दातओठ खात बसली होती. सर्दीपासून गुडघ्यापर्यंत सगळं बघणारी ती फॅमिली डॉक्टर. तिच्या नाकावर राग कायम बसलेला, असं तिचे पेशंटच म्हणत. आज तो कारणाने होता. महाराजांच्या तोंडावरचा चष्मा तिने बनवलेला होता.

नाकाचं हाड सरळ करून घेतलं की बरेच आठवडे नाकावर चष्म्याचाही भार चालत नाही. एक शिंपी ऑपरेशननंतर चष्मा कपाळाला चिकटपट्टीने डकवून तिच्याकडे आला होता. सुईत दोरा ओवायला जावं तर पट्टी सुटायची. त्याची ती दशा बघून डॉक्टरीण दवाखान्याच्या मागच्या खोलीत पक्कड घेऊन बसली. काड्यांत घड्याळाची स्प्रिंग घातली, टोकांना रबराच्या गाद्या लावल्या. चष्मा कानांच्या वर डोक्याला दोन्ही बाजूंनी धरून राहायला लागला आणि नाक मोकळं झालं. पुढे नाकाचे सर्जन आपले सगळे पेशंट तिच्याकडे पाठवू लागले. नाक बरं झालं की चष्मा परत आणून द्यायचा, एवढीच अट होती. एक चष्मा परत आला नव्हता. त्याच्या साध्या काचा काढून काळ्या घातल्या होत्या आणि काड्या केसांत लपवल्या होत्या, पण आपल्या हाताचा बाक तिने ओळखला. आणि महाराजांचं ते सरळ झालेलं नाकही.

पेशंटची गोष्ट चारचौघांत बोलायची नाही, हा नियम ती मोडणार नव्हती. म्हणून ती गप्प होती. शेजारी तिची ताई हात जोडून बसली होती.

ताईला काचबिंदू होता. डोळ्यातला दाब वाढतो, दुखत नाही, खुपत नाही, आणि आतली नस गुपचूप मरत जाते. रोज थेंब घातले तर दाब आवरतो. ताईने थेंबांची बाटली याच ढिगात टाकली होती आणि धाकट्या बहिणीला सांगितलंही नव्हतं. कळलं ते दाराच्या चौकटीला उजवा खांदा सारखा आपटायला लागला तेव्हा. उजवा डोळा गेला होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मान हलवली. डाव्यातही दाब चढला होता.

"माझीच श्रद्धा कमी पडली," सभेहून परतताना ताई म्हणाली. "पुढच्या वेळी महाराज मला वर बोलावणार आहेत. डाव्यासाठी."

"डाव्यात थेंब घाल, ताई. पाया पडते तुझ्या."

"बारके, तुझं नाक मी पुसलंय. मला शिकवू नकोस."

आईमागे जिने वाढवलं तिला काय बोलणार? डॉक्टरीण त्या रात्री झोपली नाही. लोकांना शहाणं करावं वगैरे थोर विचार तिच्या मनात नव्हते. तिला सूड हवा होता. त्या माणसाचं तोंड सगळ्यांसमोर उतरलेलं तिला बघायचं होतं.

पुढच्या सभेत पहिल्या रांगेत आठ जण नाका-तोंडाला रुमाल बांधून, डोळ्यांवर टोपी ओढून बसले होते. सेवकांना वाटलं, भक्तांची काहीतरी खूण असेल. महाराजांनी ताईला वर बोलावलं, तिचा चष्मा काढून ढिगात भिरकावला आणि आपल्या चष्म्याच्या फटीत दोरा सोडला. तेवढ्यात पहिल्या रांगेतला शिंपी उठला. त्याने टोपी आणि रुमाल काढला. नाकावर मुद्दाम लावलेली नवी पट्टी आणि चष्मा हवेत. त्याने खिशातून दोरा काढला, वरून सोडला, खालून ओढला. मग डॉक्टरणीचा असाच एक पेशंट, पोस्टमन, उठला. मग कराटे शिकवणारी मुलगी. आठ पट्ट्या, आठ चष्मे, आठ दोरे.

लोक उभे राहून बघायला लागले. कोणीतरी फिस्सकन हसलं.

महाराज कसलेले होते. त्यांनी हात उंचावले. "पाहा, बाळांनो! कृपा पसरते आहे!"

"कृपा नाही हो," शिंपी म्हणाला. "स्प्रिंग आहे."

त्याने चष्मा काढून मागच्या रांगेत दिला. तो हातोहात फिरला. ज्याने त्याने काड्या ताणून बघितल्या, डोक्यावर चढवून बघितला. हसू मागपर्यंत पोचलं.

"चष्म्याचं राहू द्या," महाराजांचा आवाज चढला. "दृष्टी कोणी दिली? आंधळे वाचतात ते कसे?"

याच प्रश्नाची डॉक्टरीण वाट बघत होती. पायऱ्या चढून तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला. सेवक पुढे सरसावले तशी कराटेवाली त्यांच्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली.

"महाराजांनी तुम्हाला बिल्ला दिलाय आणि टाचणीही दिलीय," डॉक्टरीण म्हणाली. "टाचणीने बिल्ल्याला मधोमध एक भोक पाडा. बिल्ला डोळ्याला लावा. आता शेजाऱ्याच्या बिल्ल्याच्या मागे काय छापलंय ते दिव्याखाली धरून वाचा."

क्षणभर नुसतीच कुजबुज झाली. मग तोच निवृत्त कारकून, चष्म्याशिवाय, मोठ्याने वाचायला लागला, "औषध किंवा चष्मा सोडल्याने डोळ्यांस इजा झाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही."

ठिकठिकाणी तेच वाक्य वाचलं जाऊ लागलं. शेवटी सगळं सभागृह ते महाराजांना ऐकवत होतं. महाराजांच्या कपाळावर घाम आला. डॉक्टरणीला ते बघून आनंद झाला आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

"लांबच्या बसची पाटी वाचताना आपण डोळे बारीक करतो, तेच हे," ती म्हणाली. "बारीक भोकातून थोडेच सरळ किरण आत येतात, म्हणून पसरट दिसणारं अक्षर रेखीव दिसतं. यांच्या काळ्या काचेला चाळणीसारखी भोकं आहेत. भोकांतून उजेड कमी येतो, म्हणून डोक्यावर एवढा मोठा दिवा. दवाखान्यात नंबर तपासताना आम्हीही असं भोक वापरतो. त्याने डोळा बरा होत नाही. बिल्ला खाली घेतलात की परत तेच धूसर."

महाराज मागच्या दाराकडे सरकले. तिथे पोस्टमन होता.

"जायचं कुठे?" डॉक्टरीण म्हणाली. "यांचे चष्मे परत द्या. एकेक, हातात, ज्याचे त्याला."

मग जे दिसलं ते त्या गर्दीतलं कोणी विसरणार नाही. लोक बिल्ल्याच्या भोकातून बघत ढिगात आपापले चष्मे शोधत होते, आणि अधांतरी महाराज गुडघ्यांवर बसून एकेक चष्मा पुसून देत होते. फोन करून बोलावलेले पोलीस येईपर्यंत डॉक्टरणीने त्यांना उठू दिलं नाही.

"चमत्कार दिसला की हात जोडायच्या आधी एकच विचारा," ती लोकांना म्हणाली. "हे होतं कसं? जो खरा आहे तो सांगेल. जो चिडेल, त्याच्या दारात चष्मा टाकू नका, औषध तर मुळीच टाकू नका."

टाळ्या पडल्या. ती ताईकडे वळली.

ताई व्यासपीठावरच्या खुर्चीत बसली होती. तिनेही टाचणीने भोक पाडलं होतं. बिल्ला डाव्या डोळ्याला लावून तिने कारकुनाचा बिल्ला शब्दन् शब्द वाचला. मग तो उजव्या डोळ्याला लावला. जरा इकडे केला, जरा तिकडे केला, दिव्याकडे तोंड केलं.

"बारके, हे भोक नीट पडलेलं नाही."

डॉक्टरणीने बिल्ला घेऊन स्वतःच्या डोळ्याला लावला. समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा स्वच्छ दिसत होता.

"भोक नीट आहे, ताई."

खाली लोक अजून हसत होते. ताईने बिल्ला हळूच मांडीवर ठेवला. मग तिने मान मागे टाकली आणि डाव्या डोळ्याची पापणी आपल्याच बोटाने खाली ओढून धरली.

"थेंब आणलेत ना? घाल."