दम लागत नाही, साहेब

पिंपळगाव राजाच्या पुंजाजीला फ्रान्सातली लढाई फारशी आठवत नसे, पण कडूबाचा विषय निघाला की गडी थांबायचं नाव घेत नसे. दोघंही खेचरांच्या पलटणीत. एका सकाळी वाऱ्यावर तो पिवळा विषारी धूर आला, तेव्हा कडूबानं आपला ओला पटका आधी खेचराच्या नाकाला बांधला. असा वेडा माणूस! काय दिवस होते ते, आणि काय सोबत होती!

लढाई संपली, धूर छातीतच राहिला. ज्यांनी तो खाल्ला त्यांची तब्येत दरसाल तपासून वहीत लिहायची, असा सरकारी हुकूम होता. म्हणून दर माघात दोघं बुलढाण्याच्या दवाखान्यात हजेरीला जात. घाट चढला की पुंजाजी कडूबाला आंब्याखाली बसवी. दशम्या सोडायच्या, पलटणीच्या गप्पा हाणायच्या, आणि धाप पुरती बसली की मिशांना पीळ देऊन डॉक्टरपुढे ताठ उभं राहायचं.

"दम लागतो?"

"नाही, साहेब!"

साहेबापुढे दुखणं सांगणं म्हणजे पाठ दाखवणं, ही पुंजाजीची अक्कल. सहा वर्षं दोघांच्या नावापुढे 'निरोगी' पडलं. पण त्या सहा दिवसांइतकं सुख पुंजाजीला गावात कधी लाभलं नाही, हेही खरंच.

यंदा दिवाळीनंतर कडूबा खोकून खोकून गेला. त्याच्या बायकोनं, रुखमाबाईनं, पेन्शनीचा अर्ज केला. उत्तर आलं: मयत निरोगी होता, मरणाचा लढाईशी संबंध नाही.

ते ऐकल्यापासून पुंजाजीला घास गोड लागेना. माघात तो रुखमाबाईला घेऊन घाट चढला, कुठं टेकला नाही, आणि धापा टाकतच डॉक्टर महादेवरावांपुढे जाऊन उभा राहिला.

"हे कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"लढाईपासून. कडूबालेही असंच होये."

"मग वहीत हे काय लिहिलंय?"

"आमी लबाड बोललो, साहेब." पुंजाजी म्हणाला. "तो तर दोन सालाआधीच सांगाले निघाला होता. मीच म्हटलं, चूप बस बे, पलटनीची लाज जाते."

डॉक्टरांनी वहीत कडूबाचं पान काढलं. "मागचं खोडता येत नाही," ते म्हणाले. "तुझी जबानी कडूबाच्या पानाला जोडतो. पुढचं वरचे साहेब ठरवतील."

पुंजाजीनं अंगठा उठवला आणि तो वळला. रुखमाबाई दारातच उभी होती. तिनं सारं ऐकलं होतं.

"म्हंजे त्याइले सांगाचं होतं, अन् तुमी सांगू देलं नाही?"

"हाव, वयनी."

बाई पायरीवर मटकन बसली. पदर तोंडाला लावून पोटभर रडली. पुंजाजी उन्हात तसाच उभा राहिला. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

शेवटी ती उठली.

"चाला भाऊजी," ती म्हणाली. "घाट हळू उतरा. तुमालेही दम लागते."